चाकं थांबली तेव्हा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



प्रत्येकाने आपल्या कामाविषयी पाच मिनिटं बोलायचं, असं ठरलंय. आपल्या वर्गात डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, मी ट्रकवाला. चार गाड्या आहेत. नाशिकहून कांदा उत्तरेत नेतो आणि तिकडून मिळेल तो माल परतीला आणतो. लॉकडाऊनमध्ये तुमच्या धंद्याचं काय झालं, असं अनेकजण विचारतात. तेच सांगतो.

25 मार्च 2020 ला देश बंद झाला. अत्यावश्यक मालाला सूट होती, पण अत्यावश्यक कशाला म्हणायचं, हे प्रत्येक नाक्यावर वेगळं ठरत होतं. 29 मार्चला केंद्राने सगळ्याच मालाला परवानगी दिली. लोकांना वाटलं, वाहतूक सुरू झाली. पण नुसत्या परवानगीवर ट्रक चालत नाही. त्याला ढाबा लागतो, पंक्चरवाला लागतो, माल उतरवायला हमाल लागतात आणि परतीचं भाडं लागतं. कारखानेच बंद, तर परतीला माल कुठला? जातानाच्या भाड्यात दोन्हीकडचं डिझेल भागेना. महामार्गावरच्या ढाब्यांना आणि गॅरेजना मुभा मिळाली ती 20 एप्रिलपासून. त्याच दिवशी टोलही पुन्हा सुरू झाला!

आमचे एक जुने ड्रायव्हर आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. ते उत्तर प्रदेशात माल उतरवून अडकले. पाच दिवस केबिनमध्ये स्टोव्हवर खिचडी शिजवून काढले. फोनवर म्हणाले, "शेठ, गाडी सोडून येणार नाही." गावी पोचल्यावर त्यांना चौदा दिवस शाळेच्या खोलीत ठेवलं. बायको रोज कुंपणाबाहेर डबा ठेवून जायची.

उभी गाडीसुद्धा खर्च मागते. बँकेच्या हप्त्यांना ऑगस्टअखेर सवलत मिळाली. हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही. मे महिन्यात डिझेलवरचा केंद्राचा कर लिटरमागे 13 रुपयांनी वाढला आणि जूनपासून पंपावरचा भावही चढत गेला.

चाकं एका रात्रीत थांबली, पण सुरू झाली ती एकेक करून. आधी मालाचे ट्रक. एसटीची जिल्ह्याबाहेरची सेवा 20 ऑगस्ट 2020 ला. मुंबईची लोकल दोन डोस घेतलेल्या सर्वसामान्यांना 15 ऑगस्ट 2021 पासून. सगळ्यांत शेवटी शाळेच्या रिक्षा आणि व्हॅन. आपल्याच वर्गातला एक मित्र शाळेची रिक्षा चालवतो. दीड वर्ष त्याने त्याच रिक्षातून भाजी विकली. नाव सांगू नकोस म्हणालाय, म्हणून सांगत नाही. पण तो इथेच बसलाय.

आज माझ्याकडे भाडी आहेत, ड्रायव्हर नाहीत. मामांचा मुलगा गाडी उत्तम चालवतो, पण लांबच्या फेरीला यायला तयार नाही. म्हणतो, "वडिलांचं काय झालं ते पाहिलंय." त्याला काय उत्तर द्यावं, मला सुचत नाही. कर्ज फिटतं, टायर नवे येतात. गेलेला माणूस मात्र परत धंद्यात येत नाही.

तुमच्यापैकी अनेकांचे कारखाने आहेत, दुकानं आहेत. एकच विनंती करतो. माल घेऊन आलेल्या ड्रायव्हरला फाटकाबाहेर ताटकळत ठेवू नका. त्याला प्यायला पाणी, वापरायला संडास आणि तासभर पाठ टेकायला सावली द्या. आम्हा वाहतूकदारांच्या दृष्टीने तीही मोठी मदत आहे.

बाईंनी वेळ संपल्याची खूण केली आहे. शाळेत असताना ती खूण दिसूनही मी बोलत राहायचो. आज थांबतो.