लाटणं घेऊन जन्मलेली बाई

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत केलेलं भाषण. त्या दिवशी ज्यांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथं देत आहोत.)



मला विषय दिलाय 'यशस्वी उद्योजिका' आणि वेळ दिलीय दहा मिनिटं. जेवण तयार आहे, आमटीचा वास इथपर्यंत येतोय, त्यामुळं लांबण लावत नाही. लिज्जत पापड तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तो उद्योग सुरू करणाऱ्यांपैकी एक होत्या जसवंतीबेन जमनादास पोपट. त्यांची गोष्ट सांगते. मोबाईलवर मोठ्या माणसांच्या गोष्टी ज्या थाटात सांगतात, आधी त्याच थाटात ऐका.

तर जसवंतीबेन जन्मल्या त्याच मुळी हातात लाटणं घेऊन. बाळ रडेना म्हणून सुईण घाबरली, तर बाळानं डोळे उघडून विचारलं, "उडदाचं पीठ भिजवलंय का?" बारशाला सगळ्यांनी झबली-टोपडी आणली, ती बाळानं परत केली आणि पोळपाट मागून घेतला. पाचव्या वर्षी त्या असा पातळ पापड लाटायच्या, की पापडाआडून रेशनकार्डावरचा नंबर वाचता यायचा. त्या गच्चीवर आल्या की सूर्य म्हणायचा, "बेन, तुमचे पापड वाळल्याशिवाय मी मावळत नाही." पाऊस तर त्यांना विचारूनच पडायचा.

मग एके दिवशी त्यांनी ठरवलं, कंपनी काढायची. हे कळताच बँकेचे साहेब स्वतः जिना चढून वर आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, एवढं कर्ज घ्याच. कागदपत्रं सावकाश बघू." घरचे म्हणाले, "तू सभेला जा, भाकरी आम्ही थापतो." जसवंतीबेननं गिरगावातल्या गच्चीवरून एक पापड भिरकावला. तो उडत उडत थेट भुलेश्वरच्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यात पडला आणि येताना रोख पैसे घेऊन परत आला. झाली कंपनी!

हसलात ना? सगळ्यात जास्त कुठं हसलात तेही मी पाहिलं. बँकेच्या साहेबांवर हसलात आणि घरच्यांनी भाकरी थापल्या त्यावर तर पोट धरून हसलात. म्हणजे यातलं खोटं काय आहे, ते तुम्हाला बरोबर कळतं.

आता खरी गोष्ट ऐका.

15 मार्च 1959. मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची. तिथं जमलेल्या बायका एक नव्हे, सात होत्या. जसवंतीबेन पोपट, पार्वतीबेन थोडाणी, उजमबेन कुंडलिया, बानुबेन तन्ना, लागुबेन गोकाणी, जयाबेन विठलानी आणि दिवालीबेन लुक्का. सगळ्या साध्या घरातल्या गुजराती गृहिणी. बँकेचं कर्ज नव्हतं. छगनलाल करमसी पारेख नावाचे एक समाजसेवक होते, त्यांच्याकडून 80 रुपये उसने घेतले. पहिल्या दिवशी पापड झाले किती? चार पाकिटं. ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली.

आणि पाऊस? तो काही त्यांना विचारून पडला नाही. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी काय केलं, तर एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. ज्यांच्या कुरडया पावसात सापडल्यात, त्यांना ही युक्ती किती मोलाची ते सांगायला नको.

सुरुवातीला त्या दोन प्रकारचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पांनी सल्ला दिला, की एकच करा पण चांगला करा आणि हिशेब चोख ठेवा. त्यांनी ते ऐकलं. पहिल्या वर्षाची विक्री झाली 6,196 रुपये. 'लिज्जत' हे नाव तर पुढं 1962 साली मिळालं. म्हणजे तीन वर्षं माल आधी, नाव नंतर. आपल्याकडं उलटं होतं. आधी बॅनर छापतो आणि मग पिठाचं बघतो.

आज तिथं 45 हजारांच्या आसपास बायका काम करतात. सकाळी शाखेत पीठ मळून तयार असतं. बहेन ते घरी नेते, लाटते, वाळवते, दुसऱ्या दिवशी पापड जमा करते आणि मजुरी घेते. आणि मुख्य म्हणजे, ती तिथं कामगार नसते, मालकीण असते. नफा झाला तर सगळ्यांचा, तोटा झाला तरी सगळ्यांचा. जसवंतीबेनना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या.

आता ही गोष्ट मी का निवडली, ते सांगते. त्यात माझीच एक चूक आहे.

दोन वर्षांपूर्वी मी या कामात नवीन होते. ऑफिसनं यशोगाथा मागितली. माझ्याकडं शेवया-कुरडयांचा एक चांगला चाललेला गट होता, दहा जणींचा. मी घाईघाईत लिहून टाकलं, 'अध्यक्षताईंनी एकटीच्या जिद्दीवर उद्योग उभा केला.' फोटोही एकट्या त्यांचाच, शेवयांच्या मशीनजवळ उभं करून काढलेला. छापून आलं. मला वाटलं, आता गट खूष होणार.

पुढच्या मासिक सभेला चौघी आल्याच नाहीत. दोघींनी त्या महिन्याची बचत भरली नाही. अध्यक्षताई माझ्यावरच चिडल्या, "मला गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस. बाजारात माल मी कधी नेला गं?" आणि कोपऱ्यात बसलेल्या एक काकू हळूच म्हणाल्या, "ताई, आम्ही नुसतं पीठच मळत होतो का?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी माफी मागितली. मग कुणी काय काय केलं ते एकेकीला विचारून इतिवृत्ताच्या वहीत दहा जणींच्या नावासह लिहिलं आणि वाचून दाखवलं. मशीनसाठी स्वतःचं अंतर्गत कर्ज मागं ठेवणारी एक होती. डोक्यावर पाटी घेऊन आठवडी बाजार करणारी दुसरी. आणि सगळ्यांची पोरं सांभाळणारी एक आजी होती, तिचं नाव तर गटात कुणालाच सुचलं नव्हतं. गट पुन्हा सुरळीत व्हायला तीन सभा लागल्या.

मायांनो, फुगवलेली गोष्ट दोन नुकसान करते. ऐकणारीला वाटतं, ती बाई काही वेगळीच होती, आपल्याला हे जमायचं नाही. आणि बरोबरीनं राबणारीला वाटतं, आपण कुणीच नाही. पहिली काम सुरूच करत नाही आणि दुसरी सोडून जाते.

म्हणून एक काम देते. पुढच्या मासिक सभेत वहीचं एक पान घ्या. आपल्या गटाचा पहिला दिवस आठवा. किती जणी होत्या, किती रुपये होते, पहिला माल किती झाला, नासला किती, विकला कुणी, घरी भांडण कुणाच्या झालं, सगळं लिहा. चार पाकिटं तर चारच लिहा, चाळीस लिहू नका. शेवटी सगळ्यांची नावं घाला. सही येत नसेल तिचा अंगठा घ्या, पण नाव तिचंच लिहा.

ते पान आपल्या सीआरपीताईंकडं द्या. पुढच्या अंकात छापू. या वेळी फोटो सगळ्यांचा काढू, आजीला मध्ये बसवून.

चला, आमटी निवतेय.