बंधाऱ्याच्या नावानं खातं उघडा



दिंद्रुडकरांनी मला या सभेचं अध्यक्ष केलं. पत्रिकेत माझ्या नावापुढं ‘मराठवाड्यातील सिंचनाचा आढावा’ असं छापलंय. तो उरकून टाकतो. पैठणचं धरण १९७६ साली झालं. त्याचा उजवा कालवा १३२ किलोमीटर चालत येऊन माजलगावच्या जलाशयाला मिळतो. सिंदफणेवरच्या या जलाशयाची एकूण साठवण ४५४ दशलक्ष घनमीटर. झाला आढावा. पाटबंधारे खात्याच्या नोकरीत असताना जे बोलायची सोय नव्हती, ते आज बोलणार आहे.

नव्या कामाला पैसा निघतो, जुन्याच्या दुरुस्तीला निघत नाही. का निघत नाही, ते एका बंधाऱ्यावरून सांगतो. याच जिल्ह्यातला आहे, नाव घेत नाही.

कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा. ऑक्टोबरात दारं टाकायची, पावसाळ्याआधी काढायची. दोन दारांच्या मध्ये रबरी सील असतं. ते उन्हानं कडक होऊन त्याचे तुकडे पडू लागले. फटीतून पाणी भुरभुर जायचं, दिवाळीला भरलेला बंधारा संक्रांतीला गुडघ्याएवढा. रखवालदार त्या फटीत चिंध्या कोंबायचा, वरून काळी माती लिंपायचा, तरी पाणी बोटाएवढी वाट शोधायचंच. एका टोकाला भरावाखाली पाझर लागला होता. मी अंदाजपत्रक केलं. ते वर गेलं, त्रुटी काढून खाली आलं. त्रुटी दूर करून पाठवलं, तोवर नवी दरसूची आली. जुन्या दराचं अंदाजपत्रक चालत नाही, पुन्हा करा. पुन्हा केलं, तर मार्च उलटला. असं चालू असताना एका पुरानं तो भराव नेला आणि नदी बंधाऱ्याला वळसा घालून वाहू लागली. खांब कोरडे उभे, नदी शेजारच्या रानातून. मग काय झालं? दुरुस्तीला जे कधी मिळालं नाही, त्याच्या कितीतरी पट पैसा पुनर्बांधणीला मिळाला. भूमिपूजन झालं, मंडप पडला, हार-तुरे झाले. सील बदलायला कोणी नारळ फोडत नाही हो!

सकाळच्या सत्रात दोन तट पडले. एक म्हणतो, बंधारा सरकारचा, सरकारनं बघावं. दुसरा म्हणतो, शेतकरी दमडी देत नाही, त्याला फुकटची सवय. दुसऱ्या तटातल्या मित्रांना विचारतो, तुम्ही कधी मागून पाहिलंय का? त्याच बंधाऱ्यावरच्या लोकांनी एकरी वर्गणी काढली होती. कापसाच्या पट्टीतून, न बोलता. पैसे घेऊन माझ्याकडं आले. मी वरिष्ठांना विचारलं, हे कोणत्या लेखाशीर्षात जमा करू? उत्तर आलं, असं शीर्ष नाही. पैसे परत केले. शेतकरी देत होता, घ्यायला हात नव्हता.

पहिल्या तटाला मी धुळ्याकडं नेईन. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरचे फड ऐकून असाल. दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, एका फडात एक पीक. पाटकरी आणि जागल्या गावानं नेमलेले, त्यांचा मोबदला बागायतदारांनी द्यायचा. पाट उपसायची वेळ आली की ज्याचं रान भिजतं त्यानं माणूस धाडायचा. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत असेकिया म्हणतात त्या पाटांवरही वसंतात हेच चालतं. फड मोडायला लागले ते वर धरणं झाल्यावर आणि काठाकाठानं मोटारी बसल्यावर. मोसमवर हरणबारी झालं, आरमवर केळझर. पाणी दुसऱ्याच्या हातात गेलं, मग पाट उपसायला कोण येणार?

आणि मोटारीचं सांगतो, कारण इथं बसलेल्या काहींना ते झोंबणार आहे. आपल्याकडं बंधाऱ्याचं पाणी पाटानं कमी आणि मोटारीनं जास्त जातं. दारांच्या वरच्या बाजूला दहा अश्वशक्तीची मोटार टाकून ऊस भिजवणारा वर्गणीच्या बैठकीत म्हणतो, मी तर नदीतून उचलतो, बंधाऱ्याचा माझा काय संबंध? अहो, दारं पडली नाहीत तर डिसेंबरात तुमच्या मोटारीच्या फूटव्हॉल्व्हला वाळू लागेल! कापूसवाल्यानं एकरी द्यायचं आणि ऊसवाल्यानं हात झटकायचे, हे बंद झालं पाहिजे. जो जास्त उचलतो त्यानं जास्त द्यावं. यात मला तरी वादाचं काही दिसत नाही.

माझी मागणी एकच आहे. बंधाऱ्यावर जी पाणीपट्टी गोळा होते, तिचा ठरावीक वाटा त्याच बंधाऱ्याच्या नावानं बँकेत राहावा. सही पाणीवापर संस्थेच्या अध्यक्षाची आणि शाखा अभियंत्याची. सील, रंग, भरावाची दगडी पिचिंग यासाठी मंजुरी वर जाऊ नये. शेतकऱ्यांनी सिंचनाचं व्यवस्थापन करावं असा कायदा २००५ सालीच झालाय. व्यवस्थापन शेतकऱ्यांचं आणि तिजोरी सरकारची, हे कसलं व्यवस्थापन? मोठी मोडतोड झाली तर सरकारनं यावंच. सप्टेंबर २०२५ च्या पुरानं मराठवाड्यात जे केलं, ते वर्गणीनं भरून निघणारं नाही, हे मलाही कळतं.

या मागणीचा मसुदा करू. समिती नेमू, नावं संयोजक ठरवतील, पाणीपट्टीच्या दरवाढीचं आणि खात्याच्या लेखापरीक्षणाचंही त्यात बघू.

तोवर एक काम आजच करा. ज्यांच्या बंधाऱ्याचं सील गेलंय किंवा दारं भंगारात गेलीत, त्यांनी गावाचं नाव आणि किती दारं कमी आहेत तो आकडा मांडवाच्या दारातल्या टेबलावर लिहून द्या. आणि मोटारवाल्यांनी आपली अश्वशक्ती खरी लिहावी.