श्राविका : घर, व्यवसाय आणि वेळेचा हिशेब

(सुवर्णमहोत्सवी समारोहातील व्याख्यानाचा मजकूर)



भगवान महावीरांच्या चतुर्विध संघाची गणना कल्पसूत्रात आली आहे. साधू १४,०००, साध्वी ३६,०००. श्रावक १,५९,०००, तर श्राविका ३,१८,०००, म्हणजे श्रावकांच्या नेमक्या दुप्पट. साध्वीसंघाचे नेतृत्व चंदनबालेकडे होते. स्त्रीला संघात स्वतंत्र स्थान देणाऱ्या या परंपरेच्या वारसांनी आणखी दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत.

२००१ च्या जनगणनेत जैन स्त्रियांची साक्षरता ९०.६ टक्के भरली. देशातील सर्व प्रमुख धर्मसमुदायांत ती सर्वाधिक होती. त्याच जनगणनेत काम करणाऱ्या जैन स्त्रियांचे प्रमाण अवघे ९.२ टक्के, म्हणजे सर्वांत कमी निघाले. देशातील एकूण स्त्रियांत ते २५.६ टक्के होते. सुबत्ता, शेतमजुरीचा अभाव आणि व्यापारी घराण्यांची प्रतिष्ठेची कल्पना ही त्याची कारणे सांगता येतील. परंतु वधू-वर परिचय मेळाव्यातील बायोडाटावर सी.ए., एम.कॉम., बी.फार्म. अशा पदव्या अभिमानाने छापायच्या आणि विवाहानंतर त्या कपाटात ठेवायच्या, याला प्रतिष्ठा म्हणावे काय?

या आकड्यात एक फसगतही आहे. लासलगावसारख्या बाजारपेठेच्या गावी पेढीचा जमाखर्च लिहिणारी, जीएसटीच्या विवरणपत्रांची तारीख सांभाळणारी, कांद्याचे भाव चढले-उतरले की उधारीची वसुली ध्यानात ठेवणारी सून अनेक घरांत असते. घरच्या धंद्यात विनावेतन केलेले कामही जनगणनेच्या व्याख्येत कामच ठरते. प्रगणक दारी आला की मात्र उत्तर मिळते, ‘गृहिणी’. भागीदारीच्या कागदावर तिची सही असते, निर्णयात ती क्वचितच असते. सूनबाईला काम ‘करू देतो’ असे सांगणाऱ्या सासरच्या औदार्याचे कौतुक तर जरा बेतानेच करावे.

घराबाहेर नोकरी करणाऱ्या श्राविकेची अडचण आणखी वेगळी. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकला जायचे आणि सायंकाळी परतायचे. मार्गशीर्षात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. चौविहार पाळणाऱ्या घरात तोपर्यंत जेवणे आटोपलेली हवीत. मग तिने स्वयंपाक पहाटे करावा, की स्वतःचे जेवणच सोडावे? चातुर्मासात, पर्युषणात तप करणाऱ्यांची सेवा, पारण्याची तयारी, मुलांची शाळा, सासूबाईंचे औषध, हे सारे पुन्हा तिच्याकडेच. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाची २९९ मिनिटे जातात, पुरुषाची ९७. सामायिक ४८ मिनिटांचे असते. दोहोंतील फरक २०२ मिनिटांचा, म्हणजे चार सामायिकांहून अधिक. धर्माराधनेसाठी तिला वेळ मिळत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य करावा.

मुंबईचे मोत्यांचे व्यापारी शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाई (१८७९-१९३०) यांना ऐन तारुण्यात वैधव्य आले. पित्याने त्यांना कोपऱ्यात बसविले नाही, शिकविले. पुढे त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम चालवून निराधार जैन स्त्रियांना शिक्षणाची वाट खुली केली. कन्येच्या बुद्धीवर विश्वास ठेवणारा पिता पाठीशी होता, हे या चरित्रातील विसरू नये असे अंग आहे. लासलगावही मागे राहिलेले नाही. कांद्यासाठी देशभर ख्यात असलेल्या येथील बाजार समितीचे सभापतिपद २०२० साली श्रीमती सुवर्णा जगताप यांच्याकडे होते.

कायद्यानेही बरेच दिले आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतिरजा बारांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पण पेढीवर राबणाऱ्या सुनेला यातले काय लागू होते? तिच्यासाठी घरानेच नियम करावा लागतो. तिच्या कामाचा मेहनताना ठरवून तो तिच्याच बँक खात्यात जमा करावा, आणि हे पेढीच्या वहीत खर्ची पडावे.

ट्रस्टकडेही करण्याजोगे आहे. आयंबिलाची व्यवस्था समाज एकत्रितपणे करतो. त्याच धर्तीवर नोकरदार कुटुंबांसाठी सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचे डबे सुरू करता येतील. धार्मिक पाठशाळेची वेळ ठरविताना मातांना विचारता येईल. दुपारी रिकाम्या असणाऱ्या सभागृहात पाळणाघर चालू शकेल. आणि यांपैकी कशाचाही निर्णय घेण्यासाठी विश्वस्तांची बैठक बोलवाल, तेव्हा ती दुपारी तीन वाजता ठेवा. रात्री नऊला नको. त्या वेळी निम्मा समाज स्वयंपाकघर आवरत असतो.