घरचे दप्तर आणि त्याच्या तीन प्रती

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड माझ्यावर सोपविली. शिक्षण, एकी आणि लग्नातील अवास्तव खर्च यांविषयी या व्यासपीठावरून आपण दरवर्षी ऐकतोच. मी आज ज्या विषयाला हात घालणार आहे, तो वरवर पाहता यंत्राचा वाटेल. परंतु वस्तुतः तो आपल्या घराच्या कागदपत्रांचा, म्हणजेच आपल्या मुलाबाळांच्या भवितव्याचा आहे.

जात पडताळणीचा प्रसंग आता आपल्यापैकी कोणाच्याच घरी नवा राहिलेला नाही. आपल्यासारख्या इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. तो पुरावा म्हणजे आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतील उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, किंवा शेतीच्या जुन्या कागदावरील एखादी ओळ. मुलाला प्रवेश मिळतो की जातो, हे कित्येकदा त्या एका ओळीवर अवलंबून असते. आणि ती ओळ कोठे असते? वाळवीने खाल्लेल्या पेटीत, नाहीतर कोणा एका पुतण्याच्या मोबाईलमध्ये! पेटीला वाळवी आहे, मोबाईलला पाणी आहे, आणि दोहोंनाही विस्मरण आहे.

एकाच प्रतीवर विसंबण्याचे फळ काय होते, हे आपल्या वऱ्हाडाला नव्याने सांगावयास नको. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटाने तेराव्या शतकात ऋद्धिपूर येथे परिश्रमपूर्वक जमविल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे लष्करी धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते. मग अनुयायांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली. म्हणूनच त्या ग्रंथाचे निरनिराळे पाठ आज आढळतात. हा ग्रंथ तरला तो माणसांच्या पाठांतरावर. आपल्या घरातील सात-बाराचा उतारा मात्र कोणी पाठ केलेला नसतो!

त्याच पंथाने आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवल्या. त्यामुळे त्या परक्यांपासून सुरक्षित राहिल्या खऱ्या. पण ज्याला किल्ली ठाऊक नाही अशा अभ्यासकालाही त्या दीर्घकाळ बंदच राहिल्या. पुढे ती लिपी उलगडली, आणि आपल्या यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमाच्या द्वारे हस्तलिखितांचा संग्रह करून १९२५ साली 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. यावरून बोध एवढाच की, कुलूप असावे, पण किल्ली एकाच माणसाच्या उराशी नसावी. पासवर्ड पाकिटात लिहून घरातील दुसऱ्या जबाबदार व्यक्तीच्या हाती ठेवलाच पाहिजे.

आता यंत्राकडे वळतो. 'घरचा सर्व्हर' हा शब्द ऐकून दचकण्याचे कारण नाही. अडगळीत पडलेला जुना संगणक घ्यावा, त्यात चांगली हार्ड डिस्क बसवावी आणि तारेने घरच्या राउटरला जोडावा. त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली चालते. फिनलंडमधील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने ती १९९१ मध्ये आरंभिली आणि जगभरच्या लोकांनी मिळून वाढविली. सांबा नावाची दुसरी विनामूल्य आज्ञावली त्यावर घातली की घरातील प्रत्येकाला आपल्या संगणकावरून किंवा मोबाईलवरून त्या सामाईक कपाटात कागद ठेवता येतो व काढता येतो. आपले दप्तर आपल्याच छपराखाली राहते. आपल्या वधूवर सूचीतील मुलींची नावे व पत्ते पाहिले म्हणजे या गोष्टीचे महत्त्व ध्यानी येईल. मात्र हे कपाट बाहेरच्या जगाला उघडे करण्याच्या फंदात अर्धवट माहितीवर पडू नये.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. संगणकात दोन डिस्का बसवून एकीचे प्रतिबिंब दुसरीत उमटविण्याची सोय असते. एक डिस्क मेली तर दुसरी काम चालविते, हे खरे. परंतु प्रतिबिंब म्हणजे प्रत नव्हे. नातवाने चुकून फाईल पुसली की ती आरशातूनही पुसली जाते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने अनेक देशांतील संगणकांवरच्या फाईली कुलूपबंद केल्या. अशा वेळी आरसा उपयोगी पडत नाही. संगणकापासून सोडवून ठेवलेली जुनी प्रतच उपयोगी पडते.

सबब जाणत्यांनी नियम घालून दिला आहे: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. पहिली प्रत सर्व्हरवर. दुसरी सुट्या डिस्कवर, जी महिन्यातून एकदा जोडावी व पुन्हा कपाटात ठेवावी. तिसरी दुसऱ्या गावच्या नातलगाकडे. पुसदच्या बहिणीने वणीच्या भावाची प्रत सांभाळावी आणि भावाने बहिणीची. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत यवतमाळ शहरात आणि महागाव तालुक्यात घरांत पाणी शिरले, हे आपण पाहिलेच आहे. एका घरातील तीनही प्रती एकाच पुरात जातात. शिवाय मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, वीज वेळी-अवेळी खंडित होते. म्हणून यंत्र गच्चीवरच्या खोलीत न ठेवता तळमजल्यावर, पण जमिनीपासून उंच, हवेशीर जागी ठेवावे व त्याला यूपीएस जोडावा.

आपली जी मुले संगणकाची विद्या शिकत आहेत, त्यांना तर हे यंत्र म्हणजे घरचा कारखानाच होय. गिट नावाचे साधन, जे याच टोर्व्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केले, आज्ञावलीतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवते. आणि ज्याच्याजवळ त्याची पूर्ण प्रत आहे त्याच्याजवळ सारा इतिहास असतो. आपल्या वंशावळीच्या वह्यांना असे साधन लाभले असते तर किती वाद मिटले असते!

शेवटी दोन सूचना करतो. वर्षातून एकदा, दिवाळीत किंवा अक्षय्य तृतीयेस, प्रतीतून एखादा कागद प्रत्यक्ष काढून वाचून पाहावा. कारण जी प्रत कधी उघडली नाही, ती आहे असे समजणे हा भ्रम होय. दुसरी सूचना मंडळाला. कार्यालयात अशी एक व्यवस्था उभारून, ज्या कुटुंबांजवळ संगणक नाही त्यांचे कागद त्यांच्या संमतीने उतरवून द्यावेत. हे काम आपल्या तरुणांनी अंगावर घ्यावे. आणि मूळ कागद मात्र कोणी टाकून देऊ नये. समिती तोच पाहावयास मागते.

वडिलांनी जमीन राखली, आजोबांनी नाव राखले. आपण निदान त्या दोहोंचा कागद तरी राखावा, एवढी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.