पहिल्या वर्षाचे मास्तर

पुण्या-मुंबई-नागपूरहून रात्रभर प्रवास करून आलेले आणि नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुरुग्रामहून जवळजवळ तितकाच वेळ वाहतुकीत घालवून पोचलेले प्राध्यापक मित्रहो,

स्वागताध्यक्षाने आधी गावाचे गोडवे गावेत, मग व्यवस्थेतल्या उणिवांबद्दल क्षमा मागावी आणि खाली बसावे, अशी आपल्याकडची रीत. दिल्लीपुरते पहिले काम मोठ्या माणसांनी करून ठेवले आहे. 1954 साली इथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे स्वागताध्यक्ष काकासाहेब गाडगीळ होते आणि 2025 साली तालकटोऱ्याला भरलेल्या संमेलनाचे शरद पवार. त्यांच्यानंतर मी पुन्हा बाजीरावाला दिल्लीवर आणू नये हे बरे. मी आपल्या धंद्यापुरती, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवण्यापुरती, दिल्ली सांगतो.

1941 साली काश्मिरी गेटला दिल्ली पॉलिटेक्निक सुरू झाले. आजचे दिल्ली टेक्नॉलॉजिकल विद्यापीठ हा त्याचाच विस्तार. 1961 साली हौजखासला इंजिनिअरिंग कॉलेज उघडले आणि दोन वर्षांत ते आयआयटी झाले. पुढे जामिया, नेताजी सुभाष, इंद्रप्रस्थ विद्यापीठाची कॉलेजे आणि यमुनेपलीकडे ग्रेटर नोएडातल्या नॉलेज पार्कची ती रांगच्या रांग. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहण्यासारखी जागा एकच आहे, आयआयटीची भिंत. भिंतीबाहेर कालू सराय, जिया सराय, बेर सराय. त्या गल्ल्यांनी प्रवेश परीक्षेच्या तयारीवर वर्षानुवर्षे पोट भरले. फिजिक्स शिकवणाऱ्या सरांचा फोटो तिथे फलकावर, खाली मुलांच्या रँका. भिंतीच्या आत त्याच मुलाला पहिल्या सहामाहीत तेच फिजिक्स पुढे नेऊन शिकवणारा माणूस असतो. त्याचा फोटो कुठे लागत नाही. लागावा असेही मी म्हणत नाही, पण प्रवेश मिळवून देणाऱ्याला शहर ओळखते आणि प्रवेशानंतर शिकवणाऱ्याला त्याचे स्वतःचे कॉलेजही धड ओळखत नाही, हे काही बरोबर नाही.

आपल्यापैकी बहुतेक जण अप्लाइड सायन्सेस अँड ह्युमॅनिटीज नावाच्या विभागात आहेत. या विभागाला स्वतःची ब्रँच नाही, त्यामुळे स्वतःची मुले नाहीत. मेकॅनिकलच्या विभागप्रमुखांकडे पंचवीस वर्षांनी माजी विद्यार्थी पेढे घेऊन येतात. एम-वन, म्हणजे पहिल्या सहामाहीचे गणित, शिकवणाऱ्या बाईंकडे कोणी येत नाही, कारण मुलगा दुसऱ्या वर्षाला गेला की तो मेकॅनिकलचा किंवा कॉम्प्युटरचा होतो, आणि पहिल्या वर्षाची आठवण निघाली तर ती राहिलेल्या विषयाच्या, म्हणजे केटीच्या, निमित्ताने. त्यातून नवा लेक्चरर आला की त्याला पहिले वर्ष द्यायचे, जुना झाला की इलेक्टिव्ह द्यायचे, असा बऱ्याच ठिकाणी रिवाज. म्हणजे सगळ्यात अवघड वर्ग सगळ्यात नवख्या माणसाकडे.

तो अवघड का, हे बाहेरच्यांना सांगावे लागते. दिल्लीच्या एका वर्गात आर. के. पुरममधल्या इंग्रजी शाळेची मुलगी, बिहारमधून हिंदी माध्यमातून आलेला मुलगा, आणि वडिलांची बदली झाली म्हणून लातूरहून इथे येऊन पडलेला आपला एखादा पोरगा शेजारी शेजारी बसलेले असतात. तिघांनीही दोन वर्षे चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव केलेला. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की काही जण लिमिट्स संपल्यावर उगवतात. कोणाला हवी ती ब्रँच मिळालेली नाही, कोणी घरच्यांनी पाठवले म्हणून आला आहे. सीनियर त्यांना ‘फच्चा’ म्हणतात. अशा दीडशे-दोनशे पोरांपुढे उभे राहून डेरिव्हेटिव्ह म्हणजे नुसते सूत्र नव्हे, हे पटवून द्यायचे. तिकडे वर्कशॉपमध्ये ज्या मुलाने घरी खिळासुद्धा ठोकलेला नाही, त्याच्या हातात इन्स्ट्रक्टर कानस देतो आणि लोखंडाच्या तुकड्याचा काटकोन साधेपर्यंत त्याला सोडत नाही. पुरस्कारांचा विषय निघाला की या इन्स्ट्रक्टरचे नाव कोणी घेत नाही. मी मुद्दाम घेतो.

आता अध्यापनाच्या मोजमापाकडे येतो. एनआयआरएफ नावाची क्रमवारी याच शहरातून निघते. तिच्यात अध्यापन आणि साधनसामग्रीला शंभरात तीस. आकडा भारदस्त आहे. पण त्या तिसात काय मोजतात? विद्यार्थिसंख्या, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण, शिक्षकांच्या पीएचड्या आणि अनुभव, आणि खर्च किती केला. वर्गाचे दार कोणी उघडत नाही. इंजिनिअरिंग अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एनबीएच्या मूल्यांकनात निदान पहिल्या वर्षाचा वेगळा निकष बरीच वर्षे होता, हजारात पन्नास गुणांचा. त्यातही प्रमाण, पदव्या आणि निकाल. ज्या पायावर पुढची तीन वर्षे उभी राहायची, त्याला हजारात पन्नास.

मग राहतो तो मुलांनी भरून दिलेला फीडबॅक. त्यावर मी अंमळ रेंगाळणार आहे, कारण उद्याच्या सत्रात भांडण याच्यावरूनच होणार.

अमेरिकेच्या हवाई दलाची कोलोरॅडोमध्ये अकादमी आहे. तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांना प्राध्यापक निवडता येत नाही. कोणाच्या वर्गात कोण, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. परीक्षा सगळ्यांना एकच आणि पुढचा कोर्सही सक्तीचा. त्यामुळे स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट या दोघा अर्थतज्ज्ञांना दहा हजारांवर विद्यार्थ्यांचा असा हिशेब मांडता आला, जो आपल्याकडे मांडणे जवळजवळ अशक्य. 2010 साली तो प्रसिद्ध झाला. निष्पन्न झाले ते असे: पहिल्या कॅल्क्युलसमध्ये ज्यांच्या मुलांना जास्त गुण पडले, ते सरासरीने कमी अनुभवी होते आणि त्यांना फीडबॅकही चांगला मिळाला. पण त्यांचीच मुले पुढच्या गणितात मागे पडली. अनुभवी, जरा कडक शिक्षकांच्या मुलांना त्या सहामाहीत गुण कमी पडले, त्यांनी मास्तरांनाही कमी गुण दिले, आणि पुढे तीच मुले सरस ठरली.

याचा अर्थ मुलांना काही कळत नाही असा कोणी काढू नये. सर वेळेवर येतात का, फळ्यावरचे शेवटच्या बाकावरून दिसते का, शंका विचारली तर अपमान करतात का, हे मुलांइतके कोणाला कळणार? पण आपण काय शिकलो, हे सहामाही संपायच्या आठवड्यात त्यांनाही कळलेले नसते. लोणचे घातल्या दिवशी त्याची चव सांगता येत नाही, तसलाच प्रकार.

म्हणून माझे म्हणणे एकच आहे. पहिल्या वर्षाच्या अध्यापनाचा गौरव पहिल्या वर्षी करू नका, दोन वर्षांनी करा. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, तुम्ही आज जे वापरता आहात ते कोणी शिकवले. स्ट्रक्चर्स किंवा कंट्रोल सिस्टिम्स शिकवणाऱ्या प्राध्यापकाला विचारा, कोणत्या तुकडीची मुले फ्री बॉडी डायग्रॅम न सांगता काढतात. त्या शिक्षकाचे ट्युटोरियल शीट आणि तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागवा. दरवर्षी तेच प्रश्न आकडे बदलून येत असतील तर प्रमाणपत्र छापायची घाई नको. आणि मोठ्या वर्गाची तुलना चाळीस मुलांच्या इलेक्टिव्हशी करू नका. दिल्ली आयआयटीच्या अध्यापन पुरस्कारांत मोठ्या वर्गांसाठी वेगळी वर्गवारी आहे. बाकीच्यांनी ती उचलायला हरकत नाही.

राष्ट्रीय पातळीवर थोडी हालचाल झाली आहे. पाच सप्टेंबरला विज्ञान भवनात राष्ट्रपतींच्या हस्ते मिळणारा शिक्षक पुरस्कार अनेक वर्षे शाळांचा समजला जाई. 2023 पासून त्यात उच्च शिक्षणातले आणि पॉलिटेक्निकमधले शिक्षकही आले. पहिल्या वर्षी ते तेरा होते. चांगलेच झाले. पण आपल्या कॉलेजात काय? मला विचाराल तर शाल, श्रीफळ आणि रोख रक्कम यांपेक्षा चांगल्या शिक्षकाला पुढच्या सहामाहीत एक तुकडी कमी द्या आणि ट्युटोरियलला दोन हाताखालची माणसे द्या. शाल इथल्या थंडीत उपयोगी पडते, हे मान्य.

पहिल्या वर्षाला इतके महत्त्व देणे हे उपरे खूळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांना दोन मराठी नावे सांगतो. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर 1959 साली कानपूर आयआयटीचे पहिले संचालक झाले. 1960 साली वर्ग सुरू झाले ते दुसऱ्या संस्थेच्या कँटीनच्या इमारतीत, शंभर मुलांवर. इमारत नव्हती, पण अभ्यासक्रमाबद्दल माणूस ठाम होता: ब्रँच कोणतीही असो, आधी सगळ्यांनी गणित, भौतिकी, रसायन आणि मानव्यविद्या एकत्र शिकायच्या. भौतिकीच्या एच. सी. वर्मांसारखा शिक्षक पुढे त्याच संस्थेत रमला, यात मला योगायोग दिसत नाही. दुसरे नाव दीपक फाटकांचे. मुंबई आयआयटीत ते पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवत राहिले, तोच कोर्स त्यांनी इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला आणि देशभरातल्या कॉलेजशिक्षकांना दूरस्थ कार्यशाळांतून हजारोंनी शिकवले. 2013 साली त्यांना पद्मश्री मिळाली. इतक्या मोठ्या माणसाला पहिल्या वर्षाचा वर्ग कमीपणाचा वाटला नाही, हे आपल्या विभागप्रमुखांच्या कानावर घालायला हरकत नाही.

2021 पासून इंजिनिअरिंग मराठीतही शिकवायला परवानगी आहे आणि पिंपरी-चिंचवडला तसा वर्ग सुरू झाला. त्यावर दुपारी स्वतंत्र सत्र आहे, म्हणून मी त्यात शिरत नाही.

आता माझे दुसरे काम, क्षमा मागण्याचे. जेवणात पुरणपोळी आहे, पण ती लाटणारे हात पहाडगंजचे आहेत, तेव्हा नागपूरकरांनी तुपाचा आणि पुणेकरांनी आकाराचा हिशेब काढू नये. धुक्यामुळे ज्यांच्या गाड्या उशिरा आल्या, त्यांच्या खोल्या राखून ठेवल्या आहेत. निवासस्थानी गरम पाणी सकाळी आठपर्यंतच येते. अध्यापनाच्या गौरवाबद्दलच्या उद्याच्या ठरावाचा मसुदा प्रत्येकाच्या पिशवीत आहे. त्यात ज्यांना वर्कशॉप इन्स्ट्रक्टर आणि ट्यूटर यांचा उल्लेख वाढवायचा असेल, त्यांनी दुरुस्ती आज संध्याकाळी सहापर्यंत कार्यवाहांकडे लेखी द्यावी. माझी पहिली दुरुस्ती त्यांच्या टेबलावर पोचली आहे.