झेलेअण्णा ते दिगू टिपणीस



शाळेच्या स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले, की आम्हा शिक्षकांपुढे एक अडचण हटकून उभी राहते. नाटकातला राजा व्हायला पंधरा पोरे तयार असतात. शिपायाला भाला मिळणार असेल तर शिपाईही व्हायला तयार असतात. पण सावकार कोणी व्हायचे? दारू पिऊन बायकोला मारणारा बाप कोणी व्हायचे? मग सगळी वही-पेनात डोके घालून बसतात.

शिरपूरजवळच्या एका गावी मी मास्तर असताना एका मुलाला सावकाराचे काम दिले होते. पोरगा गुणी. तालमीला उभा राहिला, की वर्गातल्या बाकांवर चुळबूळ होत नसे. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेच्या फाटकापाशी येऊन उभी. डोक्यावरचा पदर सावरीत म्हणाली, ‘गुरुजी, मना पोऱ्याले सावकार नका करू.’ गावात ते नाव त्याला चिकटेल, उद्या सोयरीक जुळवताना कोणी काढील, अशी तिची धास्ती. मी हसण्यावारी नेले नाही. त्या माउलीला एका माणसाची हकिगत सांगितली. तीच आज तुम्हांला जरा विस्ताराने सांगणार आहे. तो माणूस म्हणजे निळू फुले.

त्यांचे पुरते नाव नीळकंठ कृष्णाजी फुले. जन्म १९३० च्या सुमाराचा. घरची गरिबी. वडील पुण्यात मोडीचे लोखंड आणि भाजीपाला विकून संसार चालवीत. सतरा वर्षांचे असताना निळूभाऊ पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून लागले. पगार महिना ८० रुपये, आणि त्यांतले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. ८० तले १० म्हणजे किती, हे ज्याने ८० त घर चालवले आहे त्यालाच कळेल. स्वतःची रोपवाटिका काढावी असे त्यांच्या फार मनात होते. भांडवलाअभावी ते राहून गेले. मला पुष्कळदा वाटते, की पुढे त्यांनी माणसांचे जे नमुने पडद्यावर उभे केले, त्यांत माळ्याचीच नजर होती. कोणते रोप कोणत्या मातीत माजते, हे त्यांना बरोबर ठाऊक होते.

अभिनयाचे पहिले धडे त्यांनी कुठल्या नाट्यशाळेत गिरवले नाहीत. सेवा दलाचे कलापथक हीच त्यांची शाळा. गावच्या पारावर, गॅसबत्तीच्या उजेडात, समोर जमिनीवर बसलेली माणसे, आणि विषय गावकीचाच. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’ या वगनाट्यातल्या रोंग्याच्या कामाने त्यांचे नाव लोकांच्या तोंडी आले. पुढे शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने तर महाराष्ट्र गाजवला. त्यात त्यांच्या जोडीला सेवा दलातलेच राम नगरकर होते. या वगनाट्यातले काम पाहून दिग्दर्शक अनंत माने यांनी त्यांना चित्रपटात घेतले. तो चित्रपट ‘एक गाव बारा भानगडी’, साल १९६८, आणि भूमिका झेलेअण्णाची.

हा चित्रपट मी पाहिला तो सारंगखेड्याच्या यात्रेत. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरतो, हे खानदेशात कोणाला सांगायला नको. तापीच्या काठी तंबू ठोकलेला, आत बायका एका अंगाला आणि बापे दुसऱ्या अंगाला, मध्ये कनातीचा पडदा. यंत्र मध्येच बंद पडे, मग शिट्ट्या. आमच्या शेजारच्या एक म्हाताऱ्या आजीबाई झेलेअण्णा पडद्यावर आला रे आला, की बोटे मोडीत. चित्रपट संपल्यावर बैलगाडीत बसून घरी येईपर्यंत त्यांचे तोंड थांबले नाही. नायक कोण होता, नायिका कोण होती, हे त्यांनी विचारलेही नाही.

आता यात नवल काय? दुष्ट माणूस चित्रपटात आधीही होताच. पण १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. सहकारी सोसायट्या वाढल्या. प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला होता, त्याच्या पाठोपाठ गावोगावी कारखाने निघू लागले. शेतकऱ्याच्या हाती सत्ता आली, पैसा आला, आणि शाळा, रस्ते, दवाखानेही आले. हे विसरून चालणार नाही. पण जिथे सत्ता आली तिथे तिच्या आडोशाने आणखीही काही आले. जुना जुलमी सरदार घोड्यावर बसून चाबूक घेऊन यायचा. तो लांबून ओळखू यायचा. हा नवा माणूस पांढरेशुभ्र धोतर नेसून, टोपी घालून, ‘राम राम’ करीत ओट्यावर येऊन बसतो, चहा घेतो, पोराबाळांची चौकशी करतो. याला कसे ओळखायचे? निळूभाऊंनी तो ओळखून दाखवला. आजीबाईंनी बोटे मोडली ती यामुळेच. तसला कोणीतरी त्यांच्या माहितीतला होता.

त्यांच्या कामाची रीत जरा नीट पाहण्यासारखी आहे. विशेषतः शिक्षक बंधुभगिनींनी पाहावी, कारण आपणही दिवसभर तोंडाने काम करणारी माणसे. पारावर वग करताना आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचवावा लागतो. ती सवय घेऊन आलेला नट पडद्यावरही ओरडतो. निळूभाऊंनी मात्र चित्रपटात आल्यावर आवाज खाली आणला. जितकी धमकी मोठी, तितका त्यांचा स्वर हळू. शब्द अर्ध्यावर सोडून द्यायचे, मान किंचित तिरकी करायची, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहायचे आणि समोरच्याला उरलेले वाक्य मनातल्या मनात पुरे करायला लावायचे. ज्याच्या हाती खरोखर सत्ता आहे त्याला ओरडावे लागत नाही, हे त्यांनी ताडले होते. आपल्या वर्गातसुद्धा पाहा ना, छडी आपटणाऱ्या मास्तरापेक्षा हळू बोलणाऱ्या मास्तराचा धाक अधिक असतो. असो.

१९६८ नंतर त्यांना उसंत मिळाली नाही. ‘सोंगाड्या’, ‘पिंजरा’, ‘हऱ्या नाऱ्या जिंदाबाद’ आणि आणखी कितीतरी. खरे सांगायचे तर त्यांतल्या सगळ्याच चित्रपटांचे कौतुक करावे असे नाही. निर्माते येत, तीच टोपी, तोच वाडा, तीच तिरकी नजर मागत, आणि ती मिळे. चांगल्या बैलाला एकाच गोल घाण्याला जुंपावे, तसा प्रकार. त्यांतल्या काही चित्रपटांत निळूभाऊ आहेत म्हणूनच आपण जागचे उठत नाही, बाकी काही नाही. परंतु याच काळात रंगभूमीवर त्यांनी केवढे धाडस केले! १९७२ साली विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ कमलाकर सारंग यांनी बसवले, त्यात सखाराम निळू फुले. नाटकावर बंदी आली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि नाटक सुटले. सखाराम हा शिवराळ, रांगडा, बायकांना टाकलेल्या वस्तूसारखे घरात आणून ठेवणारा. तरी खोटे बोलत नाही. झेलेअण्णाच्या अगदी उलट टोकाचा माणूस.

मग १९७५ साली ‘सामना’ आला. तेंडुलकरांची कथा-पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्या वर्षी तो स्पर्धेसाठी निवडला गेला होता. एका गावात हिंदुराव धोंडे पाटील यांची सत्ता. साखर कारखाना त्यांचा, गाव त्यांचे, माणसे त्यांची. तिथे कुठून तरी एक दारूच्या आहारी गेलेला मास्तर येतो. एकेकाळचा गांधीवादी, आता खचलेला. ते काम डॉ. श्रीराम लागूंचे. हिंदुराव त्याला वाड्यावर ठेवून घेतात, खाऊपिऊ घालतात, आणि तो मास्तर एकच प्रश्न विचारीत सुटतो: मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले? गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि कोणीच बोलत नाही.

इथे निळूभाऊंनी केलेली गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. हिंदुराव नुसता दुष्ट दिसत नाही. त्याला मास्तराची सोबत हवीशी वाटते. आपण गावासाठी किती केले, हे तो मनापासून सांगतो, आणि त्यातले बरेचसे खरे असते. दिलदारपणा खरा, भीतीही खरी. त्या प्रश्नाने तो हळूहळू आतून पोखरत जातो, आणि आपल्याला क्षणभर त्याची कीव येते. मग लगेच आपलीच आपल्याला लाज वाटते. त्याच गावातला एखादा सोसायटीचा चेअरमन ‘सामना’ पाहायला बसला असेल तर त्याला काय वाटले असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

याच ‘सामना’त एका लहान भूमिकेत स्मिता पाटील आहे. आपल्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची कन्या. तेव्हा ती नुकती कुठे चित्रपटात येत होती. दोनच वर्षांनी, १९७७ साली, ‘जैत रे जैत’ हा ठाकर आदिवासींवरचा चित्रपट आला, त्यातही स्मिता आणि निळूभाऊ दोघेही होते. आमच्या शाळेत सातपुड्यातल्या पाड्यांवरची पावरा मुले येत. डोंगरातली माणसेही पडद्यावर येतात, त्यांच्यावरही चित्रपट निघतो, याचे त्यांना फार अप्रूप. १९८६ च्या डिसेंबरात स्मिता गेली त्या दिवशी शिरपूरच्या बाजारात माणसे एकमेकांना थांबवून सांगत होती.

‘सिंहासन’ १९७९ चा. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी लिहिलेला, पुन्हा जब्बार पटेलांचाच. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांची खुर्ची ओढू पाहणारे अर्थमंत्री डॉ. लागू. प्रेक्षकांना वाटले, निळू फुले म्हणजे आता कोणीतरी आतल्या गाठीचा मंत्री असणार. तर नाही! ते होते दिगू टिपणीस, एक वार्ताहर. खांद्याला पिशवी, या बंगल्यातून त्या बंगल्यात फिरणारा, सगळे ऐकणारा, सगळे ठाऊक असणारा, आणि त्याबद्दल काहीही करू न शकणारा. दहा वर्षे सत्तेचा चेहरा दाखवलेल्या नटाने सत्तेकडे पाहत राहणाऱ्या असहाय माणसाचा चेहरा दाखवला. शेवटी दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. ते हसणे थिएटरातून बाहेर आल्यावरही कानांतून जात नाही.

हिंदीतही त्यांनी कामे केली. महेश भट्ट यांच्या १९८४ च्या ‘सारांश’ मध्ये ते गजानन चित्रे नावाचे पुढारी आहेत, म्हाताऱ्या नवरा-बायकोच्या घरात शिरून त्यांना धमकावणारे. हिंदी त्यांचे मराठी वळणाचे. त्याने भूमिकेला बाधा तर आली नाहीच, उलट चित्रे आपल्या गल्लीतलाच वाटला.

परदेशातले एक उदाहरण सांगतो. इटलीत १९४८ साली ‘बायसिकल थीव्हज’ नावाचा चित्रपट निघाला. आपल्याकडे १९५२ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो दाखवला गेला आणि आपल्या दिग्दर्शकांचे डोळे उघडले. त्यातला नायक लाम्बेर्तो माज्जोरानी हा खराखुरा कारखान्यातला कामगार. त्याने ते काम असे केले, की जगभर नाव झाले. पण पुढे कारखान्यातली नोकरी गेली आणि चित्रपटातही म्हणावे तसे काम मिळाले नाही. आमचा माळीही तसाच नवशिका आला होता. पण त्याच्यामागे कलापथकाची वर्षे होती, शेकडो रात्री होत्या. एक भूमिका आयुष्यातून निघते. दुसरी, तिसरी, पन्नासावी मेहनतीतून काढावी लागते.

आणि घरी हा माणूस कसा होता? व्यासपीठावर चढला तरी बोलणे साधे. पडद्यावर गावाला नाडणारे निळूभाऊ प्रत्यक्षात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या सभांना जात. सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्यासाठी डॉ. लागू आणि इतर नामवंत नटांबरोबर त्यांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’ चे प्रयोग केले. तरीही खेड्यातल्या बायका त्यांना पाहून पदर सावरीत, दोन पावले मागे सरत. ते याबद्दल कधी रागावले नाहीत म्हणतात. शेवटच्या काळात, २००९ साली आलेल्या ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ या शेतकऱ्याच्या दुःखावरच्या चित्रपटातही ते होते. त्याच वर्षी १३ जुलैला पुण्यात त्यांचे निधन झाले.

तर त्या माउलीला मी हे सगळे सांगितले. इतके नव्हे, अर्धेमुर्धे. तिने ऐकून घेतले आणि एकच विचारले, ‘तो माणूस घरना चांगला व्हता?’ मी म्हटले, होता. मग ती गेली. स्नेहसंमेलनाच्या रात्री दुसऱ्या रांगेत येऊन बसली. पोराने सावकार असा केला, की कर्ज मागायला आलेल्या शेतकऱ्याकडे त्याने नुसते पाहिले आणि पटांगणात चिडीचूप झाले. नाटक संपल्यावर तो धावत माझ्याकडे आला. मिशीचा कोळसा गालभर पसरलेला. म्हणाला, ‘गुरुजी, त्या पारावरच्या आजीनं मला शिव्या दिल्या!’ आणि हसू काही त्याला आवरेना. त्याच्या आईने पदराने त्याची मिशी पुसली आणि दोघे घरी गेले.