कोर्स किती वर्षांचा?



आपल्या नर्सिंगच्या परिषदांमध्ये अध्यक्षांनी नाइटिंगेलबाईंच्या दिव्यापासून सुरुवात करायची रीत आहे. दिवा उद्घाटनात लागलेलाच आहे, तेव्हा मी सरळ मुद्द्यावर येते.

बारावीचा निकाल लागला की कॉलेजच्या ऑफिसात पालक येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "मॅडम, यातला लवकर कुठला संपतो?" एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन, बी.एस्सी. चार, एवढं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. मुलीचे वडील बोटांवर हिशेब घालत असतात. धाकटा भाऊ दहावीला आहे, सोसायटीचं कर्ज आहे, आणि आत्याने एक स्थळ सुचवून ठेवलंय. या प्रश्नाला नाक मुरडणारे प्राध्यापक मी पाहिलेत. मला तो प्रश्न अगदी रास्त वाटतो. घरात पहिला पगार कधी येणार, हे विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

फक्त हिशेब पुरा करावा. पदवी हवी असेल तर जीएनएमची तीन आणि पोस्ट बेसिकची दोन, अशी पाच वर्षं होतात, थेट बी.एस्सी. चारच वर्षांत होते. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीचं बघा. बी.एस्सी. झालेली मुलगी नोंदणी होताच अर्ज भरू शकते. जीएनएम झालेलीला किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे त्या दाराशी एक चार वर्षांनी पोचते, दुसरी पाच वर्षांनी. जवळची वाट लांबची निघाली की नाही? पण त्या दुसरीला चौथ्या आणि पाचव्या वर्षी पगार मिळत होता, हेही त्याच वहीत लिहा. तो पगार किती, हा प्रश्न मात्र अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातसुद्धा नर्सला महिन्याला किमान २०,००० रुपये द्यावेत असं सुचवलं होतं. आज या सभागृहात जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या, त्याहून कमी पगार घेणाऱ्या मुलींनी हात वर करायचं ठरवलं, तर काही हॉस्पिटल-मालकांना चहाला थांबणं कठीण होईल.

आणि सगळ्यांना निवड असतेच असं नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी नसेल तर बी.एस्सी.चं दार बंदच असतं. आर्ट्सच्या मुलीला जीएनएम किंवा एएनएम, एवढंच उरतं. माझ्या हाताखालून गेलेल्या उत्तम वॉर्ड सिस्टरांपैकी कितीतरी आर्ट्सच्या होत्या. जीएनएमचं प्रमाणपत्र राज्य मंडळाचं, बी.एस्सी.ची पदवी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. पण नोंदणी दोघींचीही महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडेच होते, आणि रात्री दोन वाजता घंटी वाजवणारा पेशंट मार्कशीट मागत नाही.

आता परदेशातून येणाऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण तोही हल्ली वारंवार येतो. न्यू जर्सीत किंवा टेक्ससात नवऱ्याबरोबर गेलेली, इथून इंजिनिअरिंग किंवा मायक्रोबायॉलॉजी करून गेलेली आपली मुलगी फोन करते. तिथे दुसरी पदवी म्हणून नर्सिंगचा वेगवान कोर्स मिळतो, घ्यावा का, विचारते. सेंट लुई युनिव्हर्सिटीने १९७१ मध्ये असा कोर्स सुरू केला. आता अमेरिकेत असे शेकडो आहेत. सर्वसाधारणपणे ११ ते १८ महिन्यांत पदवी हातात पडते. परीक्षा मात्र चार वर्षांवाल्यांची जी, तीच. एन्क्लेक्स पास झाल्याशिवाय लायसन्स नाही, आणि तिथे कुणी विचारत नाही की तू किती महिन्यांत शिकलीस.

मी त्यांना सांगते, घे, पण कोर्स छोटा का आहे ते आधी समजून घे. तो छोटा आहे कारण तुझी आधीची पदवी त्यात धरलेली आहे. इंग्रजी, मानसशास्त्र, संख्याशास्त्र हे विषय तुझ्या नावावर जमा असल्याचं गृहीत असतं. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी झालेलं नसेल तर ते प्रवेशाआधी करून यावं लागतं, आणि जाहिरातीतल्या महिन्यांत तो काळ बहुतेक वेळा मोजलेला नसतो. उन्हाळ्याची सुट्टी नसते. सोबत नोकरी करू नका, असं कॉलेजच सांगतं. घरात दोन वर्षांचं मूल असेल आणि सासूबाई पुण्यात असतील, तर तो सव्वा वर्षाचा कोर्स निभावणं फार जड जातं. अशा मुलीला मी सरळ नेहमीचा, सुट्ट्यांचा कोर्स सुचवते. आणि जिला मूल नाही, ज्ञानाची बैठक पक्की आहे आणि परत शून्यापासून अठरा वर्षांच्या मुलांबरोबर बसायची इच्छा नाही, तिने वेगवान कोर्स जरूर करावा.

युरोपातली रीत मला अधिक आवडते. तिथला निर्देश नर्सच्या शिक्षणाला किमान ४,६०० तास सांगतो आणि त्यातले निम्मे तरी प्रत्यक्ष पेशंटच्या सहवासात. ब्रिटनमध्ये आधीची पदवी असलेल्याला दोन वर्षांत नर्स होता येतं. आधीच्या शिक्षणाचे आणि अनुभवाचे तास वजा करून घेतात, पण हिशेब शेवटी तासांचाच राहतो. आपल्याकडून गेलेल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. जर्मनीला किंवा अमेरिकेला कागद पाठवायचे ठरले की आठ-दहा वर्षांपूर्वी पास झालेली मुलगी कॉलेजात परत येते आणि ऑफिसच्या खिडकीशी उभी राहते. तिला हवा असतो एक तक्ता. मेडिकल-सर्जिकलची थिअरी किती तास, प्रॅक्टिकल किती तास. बालरुग्ण किती, मानसोपचार किती, प्रसूती किती. क्लार्क जुनी रजिस्टरं काढतो. आणि कधीकधी त्या रजिस्टरात काहीच सापडत नाही.

आज मला ज्याविषयी बोलायचं होतं, ते हेच आहे. अमेरिकेतला ११ महिन्यांचा कोर्स वेगवान आहे असं आपण म्हणतो. आपल्या राज्यातला सर्वांत वेगवान कोर्स चार वर्षांचा आहे. तो अशा कॉलेजात चालतो जिथे संलग्न हॉस्पिटलच्या खाटा कागदावर पूर्ण आहेत आणि तपासणीच्या आठवड्यात भरलेल्याही असतात, पण एरवी वॉर्डातल्या गाद्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नसतं. फी चार वर्षांची. गणवेश, ओळखपत्र, कॅपिंगचा समारंभ, सगळं चार वर्षांचं. आणि पेशंटजवळचा वेळ मोजला, तर तो काही महिन्यांवर आटोपतो.

नियम नाहीत असं नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिल १०० खाटांचं पालक हॉस्पिटल मागते आणि एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट असावेत असं सांगते. पण आपल्यापैकी जे लेबर रूममध्ये उभे राहिलेत त्यांना केसबुकाची गोष्ट माहीत आहे. जुन्या अभ्यासक्रमात प्रत्येकीने वीस नॉर्मल डिलिव्हऱ्या स्वतः केल्याची नोंद लागायची. टेबलाभोवती पाच जणी. एकीच्या हातात ग्लोव्हज, बाळाचं डोकं बाहेर येताना पेरिनियमला आधार तिचा. दुसरी वेळ सांगते, तिसरीने बाळ पुसायला कापड धरलंय, चौथी आणि पाचवी टाचा उंचावून बघतात. संध्याकाळी होस्टेलवर तीच एक डिलिव्हरी पाच केसबुकांत 'केली' म्हणून चढते. वजन २.८, ॲपगार ८ आणि ९, वार पूर्ण. अक्षर पाच प्रकारचं, बाळ एकच. मुलींना दोष देऊ नका. वीस बाळं आणायची कुठून, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि सही करणारा हात आपला असतो.

वॉर्डात जे शिकलं जातं ते कुठल्या पानावर असतं, असं मला नवे ट्यूटर विचारतात. एक उदाहरण देते. पोटाच्या ऑपरेशनहून आलेला माणूस, रात्रीचा पहिला राउंड. बीपी ठीक आहे, मॉनिटर गप्प आहे. मघा ९० असलेली नाडी आता ११६ आहे. तो सारखी चादर चाचपतो, पाणी मागतो, "काही नाही, जरा अस्वस्थ वाटतंय" म्हणतो. कपाळ गार आणि ओलं. आत कुठेतरी रक्त जातंय, आणि बीपी शेवटी पडतं. पुस्तकात हे दोन ओळींत आहे. तोंडी परीक्षेत कुणीही सांगेल. पण ड्रेनची बाटली न सांगता बघणारी, डॉक्टरांना "सर, मला हा पेशंट बरा वाटत नाही" असं ठामपणे सांगणारी मुलगी तयार व्हायला असे कितीतरी पेशंट जवळून बघावे लागतात, आणि शेजारी एक जाणती सिस्टर असावी लागते. थिअरी दाबून बसवता येते. सिम्युलेशनचीही मी विरोधक नाही. अमेरिकेतल्या राज्य नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये मोठा अभ्यास करून दाखवलं की नीट चालवलं तर निम्म्यापर्यंत क्लिनिकल तास सिम्युलेशनने भरून निघतात. 'नीट चालवलं तर' हे शब्द आपल्याकडच्या संस्थाचालकांना सहसा ऐकू येत नाहीत. कपाटात कुलूपबंद पुतळा म्हणजे सिम्युलेशन लॅब नव्हे.

मग पदवीला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो मोजलेला आहे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास मांडला. हॉस्पिटलात पदवीधर नर्सचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल, तर ऑपरेशनचा पेशंट दाखल झाल्यापासून महिनाभरात दगावण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी कमी आढळली. त्याच अभ्यासात दुसरं वाक्य आहे, जे व्यवस्थापनाच्या बैठकीत कुणी वाचत नाही. एका नर्सवर एक पेशंट वाढला की तीच शक्यता सात टक्क्यांनी वाढते. पदवीधर नेमायच्या आणि एकीला चाळीस पेशंट द्यायचे, हा व्यवहार त्या अभ्यासात बसत नाही.

टंचाईचं कारण सांगून शिक्षण आखडतं घेण्याची सूचना दर काही वर्षांनी येते. १९४६ मध्ये भोर समितीने अहवाल दिला तेव्हा देशात ४३,००० माणसांमागे एक नर्स होती. त्याच वर्षी दिल्लीत आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी सुरू झाली. नर्स औषधालाही सापडत नव्हती तेव्हा आपल्या आधीच्या पिढीने शिक्षण लांबवलं. त्याआधी, १८९१ मध्ये, मुंबईत बाई काशीबाई गणपत प्रशिक्षणाला आल्या, तेव्हा घराबाहेर पडून परक्याच्या अंगाला हात लावणं हेच धाडस होतं. त्या काशीबाईंची वाट आपण कुणी कापून छोटी करू नये, एवढी माझी भूमिका ठाम आहे.

पण एक वाट उघडायलाही हवी. सूक्ष्मजीवशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, लॅबमध्ये तुटपुंज्या पगारावर राबणारी पंचवीस वर्षांची मुलगी आज नर्सिंगला यायचं म्हणाली तर तिला पहिल्या वर्षात बसवून पुन्हा ॲनाटॉमी, बायोकेमिस्ट्रीपासून सुरू करायला लावतो. तिचे थिअरीचे तास वजा करा. क्लिनिकलचा एकही तास वजा करू नका. अशा मुलीसाठी अडीच वर्षांचा अभ्यासक्रम आखता येईल, आणि तो तिला खरोखर पुरेल. राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. १९४७ च्या कायद्याची जागा घेणारी ही नवी यंत्रणा आपले नियम लिहील तेव्हा ही मागणी महाराष्ट्राकडून लेखी गेलेली असावी. केंद्राने त्याच वर्षी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नवी नर्सिंग कॉलेजं मंजूर केली, तो निर्णय मला पटला, आणि त्याचं कारण साधं आहे. तिथे पेशंट आहेत.

खुल्या अधिवेशनासाठी दोन ठराव कार्यकारिणीकडे दिले आहेत. पहिला पदवीधरांच्या प्रवेशाचा. दुसऱ्यावर आरडाओरडा होईल असा माझा अंदाज आहे. प्रत्येक नर्सिंग कॉलेजने संलग्न हॉस्पिटलातल्या रात्री बाराच्या भरलेल्या खाटांची संख्या आणि त्या पाळीत ड्यूटीवर असलेल्या विद्यार्थ्यांची संख्या दर महिन्याला संकेतस्थळावर जाहीर करावी. पालकांना कोर्स किती वर्षांचा हे माहितीपत्रकात कळतंच. ही दुसरी संख्याही त्यांना प्रवेशाआधी दिसली पाहिजे. काही संस्थांच्या प्रतिनिधींनी कालच मला भेटून भाषा सौम्य करा असं सुचवलं. भाषेवर चर्चा करू. संख्या जाहीर करण्यावर नाही. चहानंतर साडेअकराला अधिवेशन सुरू होईल. ज्यांनी आपल्या हॉस्पिटलचे रात्रीचे आकडे सोबत आणलेत, त्यांनी कृपया आधी नाव नोंदवावं.